फादर हॅव कम

मुलाखतीला जाताना मी टाय बांधला होता. टाय माझा नव्हता. त्याच महिन्यात आमच्या आळीत एक लग्न झालं होतं, त्या नवरदेवाचा होता. ख्रिस्ती शाळा, विषय इंग्रजी, म्हणजे टाय पाहिजेच, असं अख्ख्या आळीचं मत पडलं. गाठ शेजारच्या काकांनी मारून दिली आणि बजावलं, “सोडू नकोस, परत बांधता यायची नाही.” म्हणून एसटीत, लोकलमध्ये आणि रिक्षात तो टाय तसाच गळ्यात ठेवून मी वाईहून वसईला पोचलो. मे महिना होता.

समोर मुख्याध्यापक फादर बसले होते. अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात साध्या चपला. अख्ख्या इमारतीत टाय एकट्या माझ्या गळ्यात होता.

“व्हेअर आर यू फ्रॉम?” फादरनी विचारलं.

“वाई, फादर.”

फादरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बिकॉज आय हॅव टू राइट इट हिअर,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

“येस फादर. वाई.”

“आय जस्ट टोल्ड यू व्हाय.”

तिसऱ्या खेपेला मी घाबरून “जिल्हा सातारा!” असं चक्क मराठीत ओरडलो. फादर क्षणभर थांबले, मग खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! विश्वकोशाचं वाई! ढोल्या गणपतीचं!” पुढची सगळी मुलाखत मराठीत झाली. माझ्या इंग्रजीबद्दल त्यांना जे कळायचं होतं ते बहुधा कळलं होतं. शेवटी म्हणाले, “शाळा मराठी माध्यमाची आहे, ठाऊक आहे ना?” मला ठाऊक नव्हतं. निघताना त्यांनी माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. “आणि तेवढा टाय सोडा. मुलांना वाटेल, इन्स्पेक्शन आलं.”

ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की ते कुणी शिकवावंही लागत नाही. नोकरी लागल्याचं कळल्यावर माझ्या मावशीनं एकच प्रश्न विचारला, “तिकडे लोक घरी भांडतातसुद्धा इंग्रजीतच का रे?” या समीकरणावर कित्येकांचे संसार चालतात. गावोगावी देवादिकांच्या नावापुढे ‘कॉन्व्हेंट’ लावलेल्या पाट्या दिसतात. कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ. त्या इमारतीत जोगीण सोडाच, साधी घंटाही नसते. पण ‘कॉन्व्हेंट’ लिहिलं की फी दुप्पट होते आणि पालकांची मान ताठ.

आमच्याकडे उलटा प्रकार. मठ आहे, सिस्टर आहेत, घंटा आहे, फाटकावर संताचं नाव आहे आणि आत मुलं ‘जोडाक्षरविरहित शब्द’ शोधतायत. दर जूनमध्ये विरार-नालासोपाऱ्याकडून नव्यानं राहायला आलेले एखादे पालक प्रवेशअर्ज हातात घेऊन ऑफिसात येतात आणि फसवलं गेल्यासारखे विचारतात, “माध्यम मराठी? पण बाहेर तर ‘सेंट’ लिहिलंय!”

फादरचं उत्तर ठरलेलं असतं. “अहो, संतांची भाषा मराठीच की!”

खरं सांगायचं तर इंग्रजी आपल्या दारात आणण्याचं पाप वसईच्या शाळांचं नसलं, तरी वसईच्या मातीचं थोडंसं आहेच. दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला तो इथे, ३१ डिसेंबर १८०२ रोजी. तारीख बघा. थर्टी फर्स्टला माणसानं कुठल्याही कागदावर सही करू नये. पेशव्यांनी केली आणि त्यानंतर दोन शतकांनी मी नववी ‘अ’च्या वर्गात ‘अ’ कधी आणि ‘अ‍ॅन’ कधी हे सांगत उभा आहे.

पहिल्या दिवशी हजेरीपट उघडला तेव्हा मात्र मला मावशीचंच खरं वाटलं. डिसोजा, डिमेलो, परेरा, लोपीस, घोन्साल्विस, रॉड्रिग्ज, तुस्कानो. यादी वाचताना आपण लिस्बनच्या बंदरावर उभे आहोत असा भास होत होता. जरा अदबीनं, नाकातून वगैरे नावं घेतली. मागून आवाज आला, “सर, सर्दी झालीय का तुम्हाला?”

१५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली ती १७३९पर्यंत. मग चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला; आडनावं घ्यायची राहून गेली. ती इथेच रुजली, केळीच्या बागांत आणि पानवेलींत वाढली आणि मराठी झाली. माझ्या वर्गात सात डिसोजा होते. त्यातले दोन एकाच नावाचे. त्यामुळे मी पहिल्याच आठवड्यात रोल नंबरवर आलो. या लेखात ज्याचा पुढे सारखा उल्लेख येणार आहे तो रोल नंबर सतरा. घरची केळीची वाडी, खिशात सुकेळी, आणि प्रत्येक गोष्टीला ‘पण सर’.

या मुलाची भाषिक परिस्थिती समजून घेतली पाहिजे. घरी तो कादोडी बोलतो. सामवेदी ख्रिस्ती समाजाची ही बोली मी तीन वर्षं ऐकल्यावरही त्यात मला फक्त ‘सर’ हा शब्द समजायचा, आणि तो हमखास हसण्याच्या आधी यायचा. शाळेत प्रमाण मराठी. टीव्हीवर हिंदी. मग इंग्रजी. बोर्डाच्या हिशेबात मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’. माझ्या वर्गात ती चौथी होती, आणि खेळाच्या तासाला तर तिचा नंबर कितवा लागायचा ते विचारू नका.

तर पहिली चाचणी. ‘फादर आले आहेत’ या वाक्याचं इंग्रजी करायचं होतं. बेचाळीसपैकी एकतीस मुलांनी लिहिलं, ‘फादर हॅव कम’.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘हॅज’ लिहून त्याच्याभोवती गोल केला. “फादर एक आहेत. एकवचन. म्हणून हॅज.”

“पण सर,” सतरा उठला, “हॅज म्हटलं तर ‘फादर आला आहे’ असं होईल ना?”

“इंग्रजीत तसं होत नाही.”

“मग इंग्रज लोक फादरना काय म्हणतात?”

“हॅज.”

“समोरसुद्धा?”

वर्गात कुजबुज झाली. मी ठरवलं की हा गुंता मुळातून सोडवायचा. आवाज चढवून, एकेका शब्दावर डस्टर आपटत म्हणालो, “लक्षात घ्या, इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही! इंग्रज माणसाच्या डोक्यात एवढंच असतं की फादर आला! फादर आला! फादर आला!”

वर्ग ताडकन उभा राहिला. मला वाटलं, पटलं. मागे वळून पाहतो तर दारात फादर.

“कोण आला?” त्यांनी विचारलं.

“व्याकरण चाललंय, फादर,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी या प्रश्नावर फार विचार केला. मराठी माणसाचं इंग्रजी बिघडतं ते अज्ञानानं कमी आणि संस्कारानं जास्त. ‘माय ग्रँडफादर आर स्लीपिंग’ लिहिणाऱ्या मुलीला व्याकरण येत नाही असं नाही. ती झोपलेल्या आजोबांनाही ‘अरे-तुरे’ करायला तयार नाही, एवढंच. पण मग याच मुली सकाळच्या प्रार्थनेत देवाला खुशाल ‘तू’ म्हणतात. मराठीत फादरना बहुवचन आणि देवाला एकवचन! हे मी वर्गात बोलून दाखवलं तेव्हा सतरानं तोड काढली, “सर, देव घरचा असतो. फादरांची बदली होते.”

याच धाग्यानं मी त्यांना इंग्रजीचं एक गुपित सांगितलं. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलात देवाला ‘दाऊ’ म्हणतात. आपल्याला वाटतं, केवढा हा आदर! प्रत्यक्षात ‘दाऊ’ म्हणजे आपलं घरगुती ‘तू’, आणि ‘यू’ हे अनेकांसाठीचं किंवा मानाचं ‘तुम्ही’. पुढे इंग्रजांनी हळूहळू सगळ्यांनाच ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली आणि ‘तू’ वापरातून गेलं. आज इंग्रज माणूस बायकोला ‘तुम्ही’ म्हणतो, मुलाला ‘तुम्ही’ म्हणतो, दूधवाल्याला ‘तुम्ही’ म्हणतो.

“कुत्र्याला?” सतरानं विचारलं.

“कुत्र्यालासुद्धा.”

“आणि फादरना हॅज?”

“आणि फादरना हॅज.”

वर्गानं थोडा वेळ विचार केला. इंग्रजांनी हा देश का सोडला असेल याचं उत्तर त्यांना मिळाल्यासारखं दिसलं.

नातेसंबंधांचा धडा तर ख्रिस्ती शाळेत शिकवूच नये. ‘व्हॉट डज युअर फादर डू?’ या बालवाडीतल्या प्रश्नाला आमच्याकडे पहिलं उत्तर येतं, ‘सर, कोणते?’ एका मुलानं निबंधात लिहिलं होतं की माझे फादर ड्रायव्हर आहेत, ते आमच्या फादरना फार घाबरतात, कारण आमचे फादर माझ्या फादरच्या लहानपणी त्यांचेही फादर होते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. मी तीनदा वाचलं आणि डोकं दुखायला लागलं म्हणून पूर्ण गुण देऊन टाकले. ‘हाऊ मेनी सिस्टर्स हॅव यू?’ ला एकीनं ‘इलेव्हन’ लिहिलं. शेजारच्या मठात तेव्हा तितक्या होत्या. इंग्रजीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांतला फरक जगात कुठल्या वर्गाला मनापासून कळला असेल तर तो माझ्या वर्गाला. कारण तिथे त्या एका अक्षरावर माणसाचं लग्न झालंय की नाही हे ठरत होतं.

मी वाईहून निघताना एक गोष्ट गृहीत धरली होती की इंग्रजी साहित्यातलं मला येतं आणि मुलांना येत नाही. हा भ्रम वाक्प्रचारांच्या तासाला गेला. ‘टु वॉश वन्स हँड्स’ हा वाक्प्रचार आला. मी आत्मविश्वासानं सांगितलं, “आपल्याकडे म्हणतात ना, वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे. तेच.”

“पण सर,” सतरा उठला, “पिलातानं हात धुतले ते अंग काढून घ्यायला. गंगेत नाही, परातीत.”

मग त्यानं मला रोमन सुभेदार पिलाताची सगळी हकीकत सांगितली. लोकांच्या दबावाखाली येशूला त्यांच्या हवाली करताना त्यानं सर्वांसमक्ष पाणी मागवून हात कसे धुतले ते साभिनय दाखवलं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. एवढंच लक्षात आलं की आपल्या मराठीत एक माणूस हात धुऊन मागे लागतो, दुसरा वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो आणि तिसरा या पिलातासारखा हात झटकून मोकळा होतो. तिघांचेही हात स्वच्छ. फक्त अर्थ वेगळे.

त्यानंतर आमचा अलिखित करार झाला. तीस चांदीची नाणी, उधळ्या पुत्र, भिंतीवरचा लेख, पापाचं ओझं घेऊन रानात सोडलेला बकरा, असलं काही पाठात आलं की मी खडू टेकवायचा आणि वर्गानं मला शिकवायचं. बाहेरच्या शाळांत मास्तर शब्दकोश उघडतात. आमच्याकडे रविवारी धर्मशिक्षणाला नियमित जाणारं कुठलंही पोर उठवलं की काम भागायचं. इंग्रजी साहित्याचं निम्मं तळघर या मुलांच्या घरचं होतं. त्याची किल्ली मराठीत होती आणि जिना तेवढा इंग्रजीत, एवढीच अडचण.

हे सगळ्यात झगझगीतपणे कळलं ते स्नेहसंमेलनाच्या वर्षी. मी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला कोर्टाचा प्रवेश बसवला होता. शायलॉक सुरी परजतोय, पोर्शिया वकिलाच्या वेषात आलीय, सगळं नीट. फक्त एक घोळ झाला. त्या प्रवेशात शायलॉक खूश होऊन पोर्शियाला ‘डॅनियल’ म्हणतो, एकदा नाही, लागोपाठ दोनदा. आणि आमच्या नाटकात, मागे पुठ्ठ्याचा भाला घेऊन उभा राहिलेला शिपाई हा रोल नंबर नऊ, नाव डॅनियल. रंगीत तालमीत त्याला सांगून ठेवलं होतं की तुला काही संवाद नाहीत, नुसतं उभं राहायचं. पण प्रत्यक्ष प्रयोगात, समोर अख्खं गाव, पहिल्या रांगेत लाल लुगड्यातल्या आज्या; शायलॉकनं गरजून ‘डॅनियल!’ म्हटलं, आणि शिस्तीच्या शाळेत वाढलेला मुलगा ‘येस सर’ म्हणत एक पाऊल पुढे आला. दुसऱ्यांदा नाव आलं, आणखी एक पाऊल. मग पारडं फिरतं आणि ग्रॅशियानो शायलॉकची टर उडवत तेच नाव घेत सुटतो. डॅनियल पावलागणिक पुढे सरकत ड्यूकच्या खुर्चीपाशी पोचला. ग्रॅशियानोनं ‘दुसरा डॅनियल’ म्हटलं तेव्हा तर विंगेतून आठवी ‘ब’मधला, पडदा ओढण्याच्या कामावर असलेला, खरोखरीचा दुसरा डॅनियल डोकावला.

शायलॉकनं शेवटी दोन डॅनियल, एक पोर्शिया आणि अर्धा ओढलेला पडदा यांच्यापुढे हार पत्करली. शेक्सपिअरनं त्याला इतक्या निर्णायकपणे हरवलं नव्हतं.

घरी जाताना मी सहज म्हणालो, “पण शायलॉक हे नाव का घेतो, देव जाणे.” एम.ए.च्या वेळच्या आमच्या गाइडात तळटीप होती, ‘बायबलमधील एक न्यायाधीश’, आणि मी आजवर तेवढ्यावर भागवलं होतं. रोल नंबर नऊ भाला खांद्यावर टाकून चालत होता. त्यानं मला सुझान्नाची गोष्ट सांगितली. दोन म्हातारे पंच तिच्यावर खोटा आळ घेतात. तिला शिक्षा होणार इतक्यात तरुण डॅनियल पुढे येतो, दोघांना वेगवेगळं करून ‘कुठल्या झाडाखाली पाहिलंत?’ असं विचारतो. दोघं दोन झाडं सांगतात. खटला तिथेच आटोपतो. “कॅथलिक बायबलात आहे, सर. डॅनियलचा तेरावा अध्याय. प्रोटेस्टंटांच्यात तो वेगळा काढून ठेवतात.” तरुण पोर न्यायासनापुढे येऊन म्हाताऱ्यांना गप्प करतं, म्हणून शायलॉक पोर्शियाला डॅनियल म्हणतो. एम.ए.ला दोन वर्षं मी बसलो होतो आणि उत्तर नववीतल्या भालदाराकडे होतं.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी सकाळी शाळेच्या आवारातल्या ग्रोटोपुढे, म्हणजे गुहेवजा देव्हाऱ्यापुढे, मेणबत्त्या लावायला रांग लागते. लोपीस असतात, पाटील असतात, शेखही असतात. त्या मेणबत्त्या मोजून आज कुठला पेपर आहे हे आमचा शिपाई अचूक सांगतो. भूगोलाला पाच-सहा. गणिताला पंचवीसेक. इंग्रजीला तो जुना मेणाचा थर आदल्या दिवशीच खरवडून ठेवतो. मीही एकदा लावली होती. माझा काही पेपर नव्हता, पण निकाल माझाच होता.

या भीतीचं मूळ कवितेच्या प्रश्नात आहे. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत कवितेचं ‘अ‍ॅप्रिसिएशन’ असतं. कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. कविता आवडली की नाही हे सोडून सगळं. मुलांनी त्यावर उपाय काढलाय. कुठल्याही कवितेला चालेल असं एकच अ‍ॅप्रिसिएशन पाठ करायचं आणि मध्ये मोकळी जागा सोडून तिथे कवीचं नाव बसवायचं. ‘द पोएट हॅज युज्ड सिंपल अँड ल्युसिड लँग्वेज’. ‘ल्युसिड’ म्हणजे काय असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, “सर, ते सिंपलच्या नंतर येतं.”

मी पालकसभेत ही तक्रार मांडली. सतराचे आजोबा आले होते, पांढरा सदरा, हातात काठी. ते म्हणाले, “मास्तर, रागावू नका पोरांवर. आम्ही लॅटिन असंच शिकलो.” त्यांच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची. वेदीवर मदतीला उभ्या राहणाऱ्या मुलांना लॅटिन उत्तरं घडाघडा पाठ. अर्थ माहीत नाही, पण कुठे वाकायचं आणि कुठे घंटा वाजवायची हे पक्कं. मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते १९६५, आणि मिस्सा मराठीत आली. “पहिल्या रविवारी,” आजोबा म्हणाले, “सगळं समजलं, आणि मी घंटा वाजवायला विसरलो. ऐकतच राहिलो.”

मी शिक्षक झाल्यापासून अध्यापनशास्त्रावर बरीच प्रशिक्षणं केली. चहा-बिस्किटांसह. त्यांतल्या कुठल्याही प्रशिक्षणात या एका वाक्याइतकं मला कुणी दिलं नाही.

आता पाठ्यपुस्तकाच्या समासाविषयी. सतराच्या इंग्रजीच्या पुस्तकात दर ओळीच्या डोक्यावर शिसपेन्सिलीनं देवनागरी लिहिलेलं असायचं. ‘वन्स देअर वॉज अ किंग’, अक्षरन् अक्षर बाळबोध वळणात. मी सुरुवातीला खोडरबर घेऊन मागे लागलो होतो. “इंग्रजी इंग्रजीत वाच!” तो खोडायचा आणि दुसऱ्या दिवशी परत लिहून आणायचा. एकदा फादरांकडे पुस्तक घेऊन गेलो, तक्रार म्हणून. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “स्टीफन्स वाचलाय?”

फादर थॉमस स्टीफन्स. जन्मानं इंग्रज, विल्टशायरचे. १५७९च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरले आणि पुढली चाळीस वर्षं इथेच राहिले. मराठी शिकले, तिच्या प्रेमात पडले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी, गोष्ट येशूची, हात एका इंग्रजाचा. ते १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. आणि गंमत पुढे आहे. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ती सगळी मराठी रोमन लिपीत छापली.

“म्हणजे एका इंग्रजानं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिली,” फादर म्हणाले, “आणि हा आमचा मराठी मुलगा इंग्रजी मराठी अक्षरांत लिहितोय. तुम्ही स्टीफन्सकडे खोडरबर घेऊन गेला असता का?”

मी खोडरबर खिशात टाकलं.

आता शेवटची गोष्ट, अनौपचारिक पत्राची. सहामाहीत प्रश्न दिला होता: आपल्या गावाबद्दल कुणाला तरी पत्र लिहा. बेचाळीस पेपर आले. चाळीस जणांनी गाइडातलं पत्र लिहिलं होतं. चाळीसही मुलं उन्हाळ्याच्या सुटीत महाबळेश्वरला गेली होती. सगळ्यांना एकच चुलतभाऊ भेटला, सगळ्यांनी एकाच पॉइंटवर एकच सूर्यास्त पाहिला आणि सगळ्यांची तब्येत ठणठणीत होती. वसईच्या वाडीतली ही मुलं महाबळेश्वरला कधी गेली नव्हती, आणि त्यात मी वाईचा! आमच्या गावावरून, पसरणीच्या घाटानं वर जातात सगळे. चाळीस पोरं घाटानं गेली आणि आली, एकानंही सरांच्या आईला हाक मारली नाही.

मी चिडून पेपर परत दिले. “महाबळेश्वर बंद! घरून लिहा. आपल्या वाडीतून.” मग स्टीफन्सची गोष्ट सांगितली. गोव्याला पोचल्यावर महिनाभरातच, १० नोव्हेंबर १५७९ला, त्यांनी आपल्या वडिलांना इंग्रजीत पत्र लिहिलं. प्रवासात काय पाहिलं ते सगळं. समुद्र, वारा, पंख असलेले उडणारे मासे. ते पत्र पुढे इंग्लंडात छापलंही गेलं. “बघा,” मी म्हणालो, “पुढे फादर झालेल्या माणसानं आपल्या फादरना लिहिलेलं. हे अनौपचारिक पत्र. त्यात महाबळेश्वर नाही.”

“पण सर,” सतरा म्हणाला, “मेलेल्या माणसाला लिहिलं तर ते फॉर्मल धरायचं का इन्फॉर्मल?”

मी म्हटलं, ओळख असेल तर इन्फॉर्मल.

दुसऱ्या दिवशी त्याचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, मी इथे मराठीत देतो, कारण चुकांची चव भाषांतरात उतरत नाही, आणि तो आता मोठा झालाय, त्याला लाज वाटेल. ‘प्रिय फादर स्टीफन्स, सर म्हणाले तुम्ही आमची भाषा तुमच्या अक्षरांत लिहिली. मी तुमची भाषा आमच्या अक्षरांत लिहितो. माझे गुण कापतात. तुमचे कोण कापत होतं? आमच्याकडे उडणारे मासे नाहीत, बोंबील आहेत, ते वलांडीवर लटकतात, त्यामुळे लांबून उडतायत असे वाटतात. आमची केळी आम्ही सोलून उन्हात सुकवतो. थोडी पाठवली असती, पण तुमचा पत्ता स्वर्गातला आहे आणि पोस्टमन वाघोलीपर्यंतच जातो. माझे आजोबा लॅटिन बोलतात, तुमचं जमेल. मी अजून हॅज आणि हॅवमध्ये चुकतो. मराठीत तुम्हाला एकवचन चाललं का?’ आणि शेवटी सहीच्या वर, इंग्रजीत, जाड अक्षरांत: ‘वी आर हॅपी दॅट फादर हॅव कम.’

स्टाफरूममध्ये बसून मी लाल पेन काढलं. बाकी सगळं सोडलं. स्पेलिंगच्या अकरा चुका मी पाहिल्याच नाहीत. पण ‘हॅव’खाली रेघ मारली, सवयीनं. पाचपैकी साडेचार. तेवढ्यात फादर चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. पत्र वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. चहा निवला.

“अर्धा कशाचा कापलात?”

“व्याकरणाचा, फादर. एकवचन आहे. हॅज पाहिजे.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “व्याकरणाचा अर्धा कापा. आणि शिष्टाचाराचा अर्धा द्या.”

मी दिला. बोर्डाला अजून कळवलेलं नाही.